आत्याचा मान

शुक्रवार पेठ, मंडईजवळ
४ नोव्हेंबर २०२४

सौ. पूर्वा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. मंडई ते कर्वेनगर टपाल कसलं, म्हणशील. पण फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तुझं बाळ उठतं, आणि व्हॉट्सॅपवर माझ्या चार ओळींना तू नुसता अंगठा दाखवतेस. म्हणून लिहून ठेवते आहे. बुधवारी संजय मंडईत भाजीला येतो, तेव्हा भाजीच्या पिशवीतून नेईल.

आमची आई गेली तेव्हा संजय चार वर्षांचा होता. तेव्हापासून दर भाऊबीजेला मी त्याला ओवाळते आहे. काल पहिल्यांदाच लिफ्टसमोर ओवाळलं. तुमच्या शेजारच्या विमलाबाई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या निरांजनाला वळसा घालून गेल्या. आणि हे कशामुळे, तर जिन्यात मला एक शिंक आली! तुमच्याच सोसायटीतल्या पोरांनी उडवलेल्या फटाक्यांचा धूर होता तो. पण तुझ्या दारावर पाटी आहे ना: ‘घरात तान्हे बाळ आहे. सर्दी-खोकला असणाऱ्यांनी बेल वाजवू नये. बाळ कुठे पळून जात नाही. बरे होऊन या.’ अक्षर छान आहे हो तुझं. लॅमिनेशनही केलंयस, म्हणजे पाटी बरीच वर्षं टिकेल.

संजय दारातूनच म्हणाला, “ताई, तिचं बरोबर आहे.” बायकोचं ऐकावं हे मीच त्याला शिकवलं होतं. इतका मन लावून शिकेल असं वाटलं नव्हतं.

बाळ महिन्याचं झालं, मी अजून त्याला फोटोतच पाहिलंय. नाक आमच्या आईसारखं दिसतं. मला मूल नाही हे तू जाणतेसच. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो, आणि थोरल्या साईच्या वेळी मी आजारी पडल्यामुळे तो हुकला होता. तेवढा या वेळी लिफ्टसमोर उरकू नकोस.

तुझी,
दीपमालाताई

ता. क. धुरीसाठी बाळंतशेपा, ओवा आणि वावडिंग पाठवते आहे. संध्याकाळी निखाऱ्यावर टाक, बाळाची छाती मोकळी राहते.


कर्वेनगर
८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईंस,
सा. न.

पत्र पोचलं. पुडीही पोचली. ओवा मी चावून खाल्ला. धुरी होणार नाही.

बाळ पस्तिसाव्या आठवड्यात आलं, हे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. त्याच्या छातीतल्या नळ्या शेवयांएवढ्या आहेत. आपल्याला साधी सर्दी होते, आपण आल्याचा चहा पिऊन कामाला लागतो. तीच त्याला झाली तर नळ्यांना सूज येते, आत कफ अडकतो आणि त्याला कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं. पावसाळा संपतासंपता आणि थंडीत त्यांचा वॉर्ड अशाच तान्ह्या मुलांनी भरतो म्हणे. उपाय त्यांनी सांगितले तेवढे मी करते आहे. अंगावरचं दूध, बाहेरून आलेल्याने साबणाने हात धुणं, बाळाजवळ मास्क, घरातल्या मोठ्यांना फ्लूची लस. गर्दी नको, धूर नको, पापे नकोत. यातलं काहीच महाग नाही, फक्त माणसं दुखावतात. मला ते चालतं.

बारसं रविवारी सतराला, सकाळी दहाला, घरीच. दहा-बारा माणसं. सर्दीचा नुसता संशय असला तरी तुम्ही येणार नाही, हे मी धरून चालते. तशी वेळ आलीच तर माझी बहीण नाव ठेवील. मावशीने कुर्र केलं म्हणून पाळणा काही मोडत नाही.

रागावू नका. रागावलात तरी हात धुऊन रागवा.

आपली,
पूर्वा


शुक्रवार पेठ
१३ नोव्हेंबर २०२४

सौ. पूर्वा हिस,
अनेक आशीर्वाद.

संजय चहा पितोय आणि साई माझ्या मांडीवर झोपलाय, तोवर लिहिते.

लसीचं म्हणशील तर ती मी दर वर्षी आमच्या बँकेच्या पेन्शनर मंडळात घेते. वर चहाही देतात. धुरीचं तुझं म्हणणं पटलं. आमच्या आईने आम्हाला धुरी दिली आणि आम्ही जगलो, पण न जगलेल्यांबद्दल आमच्यात कुणी बोलत नसे. तेव्हा मास्क लावीन, हात धुईन, सांगशील तर गोमूत्र सोडून काहीही करीन.

आता तू माझं एक ऐक. साईच्या नाकातून दोन धारा वाहतायत. पुसून पुसून माझा पदर कडक झालाय. अंग कोमट लागतंय. संजय म्हणतो, परवापासून झोपेत खोकतो आणि शाळेतली निम्मी पोरं तशीच आहेत. हा पोरगा घरी गेला की पहिल्यांदा पाळण्याशी जाणार, आणि का जाऊ नये, त्याचा भाऊ आहे तो. पूर्वा, तुझी पाटी दाराच्या बाहेरच्या अंगाला आहे. साई आत राहतो.

त्याला आठ-दहा दिवस माझ्याकडे ठेव. इथे बरा होऊ दे. मला लागलं तर माझंही निस्तरेल. बारसं तेवढं पुढे ढकल. मान माझा आहे ना, मग मीच सांगते की थांबेल. नाव काही शिळं होत नाही.

संजयला विचारलं तर तो म्हणतो, पूर्वाला विचार. म्हणून विचारते.

तुझी,
दीपमालाताई


कर्वेनगर
१४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईंस,
सा. न.

साईला सर्दी नाही, ऍलर्जी आहे. दर दिवाळीनंतर होते. फटाके, धूळ, थंडी. तापही नाही, मी थर्मामीटर लावते, तुम्ही तळहात लावता. डॉक्टरांना विचारायची गरज वाटली नाही, त्याची आई मीच आहे.

त्याला तुमच्याकडे ठेवायचं म्हणता. संजयला तुम्ही वाढवलंत, त्याचे उपकार मी विसरलेले नाही, विसरायला तुम्ही देतही नाही. आज चाळिशी आली तरी तो भाजी घ्यायला कोथरूड सोडून मंडईत येतो. त्याच्यापाठोपाठ साईलाही तुमच्या ओटीत घालायची माझी तयारी नाही. शिवाय शनिवारी शाळेत त्याचं नाच-गाणं आहे. तो ससा झालाय, कान मी स्वतः शिवलेत.

बारसं एकदा पुढे ढकलून झालंय. माझे आईबाबा नागपूरहून तिकिटं काढून बसलेत. आता ढकलणार नाही. रविवारी दहाला या. मास्क घालून.

आपली,
पूर्वा


शुक्रवार पेठ
१८ नोव्हेंबर २०२४

सौ. पूर्वा हिस,
अनेक आशीर्वाद.

आधी आनंदाचं लिहिते. आयुष हे नाव तू मला ठेवू दिलंस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याच्या कानाशी वाकले तेव्हा दुधाचा वास आला. मास्कमधून कुर्र उमटेना म्हणून मास्क हनुवटीवर ओढला, ते चुकलंच. तू डोळे वटारलेस ते दिसलं मला. आणि नाव सांगितल्यावर आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत विमलाबाईंनी इतकी मनापासून पाळली की मला ठसका लागला. सगळे हसले. तुझे बाबा तर डोळे पुसत होते.

आता दुसरं. सकाळी निघताना मी ठणठणीत होते. संध्याकाळी घसा धरला, आज ताप आहे. तुझी पाटी, तुझे नियम, म्हणून लपवत नाही. सकाळपासून तुला तीनदा फोन केला, तू घेतला नाहीस. संजयला सांगितलं तर “बघतो” म्हणाला. म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे.

काल पाळण्यात आयुषचं नाक घुरघुरत होतं. मी म्हटलं तर तू म्हणालीस, झोपेत करतो. दूधही त्याने अर्धवट सोडलं होतं, तुझी आईच म्हणत होती. आणि मी नाव सांगायच्या आधी साई स्टुलावर चढून पाळण्यात वाकला आणि शिंकला. मीच त्याला उचलून खाली ठेवलं. तो तुझ्याकडे तक्रार घेऊन गेला, तू कामात होतीस.

बाळ दूध ओढेना, श्वास भराभर घ्यायला लागला, बरगड्यांमध्ये खळगे पडायला लागले तर त्याच दिवशी दाखव. सकाळची वाट बघू नकोस. हे मला माझ्या डॉक्टरांनी आज सांगितलं. मी त्यांना माझ्या तापाआधी आयुषचंच विचारलं.

तुझी,
दीपमालाताई


कर्वेनगर
२३ नोव्हेंबर २०२४

दीपमालाताई,

आयुष मंगळवारपासून अतिदक्षता विभागात आहे. तोंडात नळी आहे. हात बांधून ठेवलेत, नळी ओढू नये म्हणून.

तुम्ही आजारपणाचं लेखी दिलंत ते बरं झालं. संजयने तुमचं पत्र बाकावर बसून दोनदा वाचलं. मधलं, साईचं पान मी त्याला दिलेलं नाही, त्याला आधीच खूप वाचायचं होतं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी आजारी होतं का. मी म्हटलं, घरात कुणी नाही. बारशाला आत्या आली होती.

तुमच्या ठसक्याचा व्हिडिओ माझ्या बहिणीने काढला होता. तो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आहे, उगाच तोंडी चर्चा नको म्हणून. त्यात सगळे हसतायत आणि तुम्ही पाळण्यावर खोकताय. मी हसत नाहीये, तेही दिसतं.

संजय आता भाजी कोथरूडमध्ये घेईल.

पूर्वा


शुक्रवार पेठ
२६ नोव्हेंबर २०२४

पूर्वा,

काल रुग्णालयाच्या फाटकापाशी उभी होते. आत येणार नव्हते, खोकला अजून आहे. नुसतं विचारायचं होतं. संजय औषधं घेऊन समोरून आला, मला बघितलं, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फाटकाने आत गेला. ज्याला बोट धरून रस्ता ओलांडायला शिकवलं त्याने मला टाळायलाच तो ओलांडला. मला रडू आलं. रिक्षावाला म्हणाला, “आजी, कुणी गेलं का?” मी त्याला रागावले.

घरी आले तर तात्यारावकाकांचा फोन. म्हणाले, “मिळाला ना मान? झालं समाधान?” मावसबहिणी, चुलतभाऊ, सगळ्यांनी बघितलाय मला पाळण्यावर खोकताना. दोन दिवस मीही तेच मानलं. जेवण गेलं नाही.

मग विमलाबाईंनी मला व्हिडिओ पाठवला. तुझ्या बहिणीने बारशादिवशीच त्यांना पाठवला होता, अख्खा. तू ग्रुपवर टाकलेला कुर्रपासून सुरू होतो. अख्ख्यात त्याच्या आधी साई स्टुलावर चढतो, पाळण्यात वाकतो आणि शिंकतो. मी त्याला खाली ठेवते. मग तू येतेस, बोटांनी त्याचं नाक पुसतेस आणि त्याच हाताने बाळाची दुपटी नीट करतेस. आयुष तेव्हाच तोंड उघडं टाकून श्वास घेत होता, पूर्वा. मी तोवर पाळण्यावर वाकलेसुद्धा नव्हते.

बाळाला माझं लागलं नाही. त्याला आणि मला दोघांनाही साईचं लागलं.

संजयला हा व्हिडिओ पाठवायला एक बोट पुरतं. अजून पाठवलेला नाही. आधी बाळ घरी येऊ दे. मग मी तुझ्याशी नीट भांडणार आहे, अगदी आडवीतिडवी, आणि संजयसमोर. तोपर्यंत हे सगळं असंच राहू दे.

आयुष कसा आहे एवढं एका शब्दात कळव.

दीपमालाताई


कर्वेनगर
५ डिसेंबर २०२४

ताई,

आयुष शनिवारी गेला.

तुम्हाला कळवू नये असं संजयचं म्हणणं होतं. मी कळवते आहे, कारण व्हिडिओ तुमच्याकडे आहे.

संजय एकच प्रश्न विचारतो, हे झालं कसं. बसल्या बसल्या विचारतो, जेवताना विचारतो. साई वेगळं विचारतो. तो रोज शाळेतून आला की पाळण्यात आपली लाल गाडी ठेवतो, बाळ आल्यावर खेळेल म्हणून. पाळणा काढायला गेलं की जमिनीवर लोळतो.

तुम्हाला व्हिडिओ पाठवायचा असेल तर पाठवा. संजयला कळेल, मग ग्रुपला कळेल, मग तात्यारावकाकांना. साई पाचवीत जाईल, आठवीत जाईल, आणि एखाद्या लग्नात जेवणाच्या रांगेत कुणीतरी त्याला प्रेमाने सांगेल की तुझ्यामुळे तुझा भाऊ गेला. मी त्या दिवसापर्यंत त्याला काय सांगू ते तुम्हीच लिहा. एक तर आत्या, नाहीतर साई. तिसरं कुणी मला सुचत नाही.

तुमचं वय झालं. तुम्हाला मूल नाही, तुमच्याकडे कुणी आलं नाही तर फार तर दार वाजणार नाही. तेवढं तुम्हाला सोसेल. साईला नाही सोसणार.

संजयला तुम्ही स्वतः लिहा. सकाळपासूनच ताप होता, गोळी घेऊन आले, मान हुकू नये म्हणून बोलले नाही, असं लिहा. म्हणजे तो विचारायचा थांबेल. त्याला तुमचं अक्षर ओळखू येतं.

साईला ऍलर्जी आहे. हे तुम्हीही आता लक्षात ठेवा.

पूर्वा


शुक्रवार पेठ
१० डिसेंबर २०२४

पूर्वा,

तुझं पत्र वाचून भिंतीशी बसून राहिले. मी ज्याच्या कानात नाव सांगितलं, त्याला त्या नावाने हाक मारायची वेळही मला मिळाली नाही. पोराचं नाव मी आयुष ठेवलं. आता ते आठवलं की तोंडावर हात जातो.

मग तुझा राग आला. खूप आला. शिव्याही दिल्या, मोठ्याने, घरात ऐकायला कुणी नाही याचा तेवढा फायदा. बोट फोनपर्यंत गेलं. संजयचं नाव काढलं. नावाशेजारी त्याचा फोटो येतो ना, त्यात साई त्याच्या खांद्यावर बसलाय, सशाचे कान घालून. तू शिवलेले.

व्हिडिओ पुसला. विमलाबाईंनाही पुसायला लावला. त्या बडबड्या आहेत, पण शब्दाच्या पक्क्या आहेत. संजयला तू सांगितलंस तसंच लिहिलं. गोळीचं नावसुद्धा घातलं, म्हणजे खरं वाटेल. बँकेत अख्खी नोकरी झाली, खोटी सही कधी केली नाही. ही पहिलीच.

त्याचं उत्तर आलं, एका ओळीत. “आपण यापुढे आमच्या घरी येऊ नये.” मी त्याला भरवलं, धुतलं, शाळेत घातलं. उभ्या जन्मात तो मला तूच म्हणत आला. परवा पहिल्यांदा आपण म्हणाला.

तिसरं कुणी सुचत नाही म्हणालीस. मला सुचतं. पण साईला आई लागेल, म्हणून ते मी लिहीत नाही.

सोबत सहा रुमाल पाठवते आहे. कोपऱ्यात ससे भरलेत. डोळे नीट दिसत नाहीत त्यामुळे एक ससा उंदरासारखा झालाय, त्याला आवडेल. त्याला रुमाल देत जा, नाक बाहीला पुसतो तो. कोपरात शिंकायला शिकव. आणि शिंकला की घरी ठेवत जा. पुढे कुणाच्या तरी घरी तान्हं बाळ असेल.

दीपमालाताई


कर्वेनगर
१९ डिसेंबर २०२४

दीपमालाताई,

रुमाल परत पाठवते आहे. तुमच्याकडची वस्तू घरात नको, असं संजयने सांगितलं आहे. तुमचं पत्र त्याने जपून ठेवलंय. तो आता काही विचारत नाही, रात्री झोपतो.

साईला आम्ही समजावलं. तो आता आत्याकडे जायचं म्हणत नाही. परवा विमलाबाईंनी त्याला लिफ्टमध्ये विचारलं, “काय रे, आत्या येत नाही का हल्ली?” तर म्हणाला, “आत्याने बाळाला आजारी केलं.” त्याचे उच्चार खूपच स्पष्ट झालेत. विमलाबाई मधल्याच मजल्यावर उतरल्या.

पाळणा काढला. दारावरची पाटीही काढली.

यानंतर पत्र पाठवू नका. पाठवलंत तर न फोडता परत येईल.

साईच्या रुमालांची काळजी करू नका. मी आणलेत, डझनभर. हात धुतल्याशिवाय त्याला कशालाच हात लावू देत नाही. मागच्या आठवड्यात दोनदा शिंकला तर चार दिवस शाळेत पाठवलं नाही, आतल्या खोलीत वेगळा ठेवला, दार लावून. खूप रडला.

ऍलर्जीच आहे त्याला.

पूर्वा